ध्यान रोज होतं, पण घरचे म्हणतात तू घरात नसतोस

प्रश्न थोडक्यात असा: वय ४२, राहणार मुलुंड, नोकरी फोर्टात. दीड वर्षापूर्वी इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, तेव्हापासून रोज सकाळी ३५ मिनिटं बैठक. चिडचिड कमी झाली, ऑफिसात कुणी काही बोललं तरी लागत नाही. पण पत्नी म्हणते, "पूर्वी भांडायचास ते बरं होतं, आता भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं." चार महिन्यांपूर्वी वडील गेले, तेव्हा रडू आलं नाही. ही प्रगती समजायची की काहीतरी चुकतंय? आणि सध्या आणखी एक दहा दिवसांचं शिबिर करावं का?

चुकतंय. बैठक ठीक आहे, तिचा वापर चुकतोय. ही चूक टाळाटाळ करणाऱ्यांच्या हातून होत नाही, नेटाने बसणाऱ्यांच्याच हातून होते. म्हणून ती ओळखायला दीड-दोन वर्षं जातात.

बराचसा घोळ एका शब्दाचा आहे. शिबिरात ज्याला समता म्हणतात तिचं पाली नाव उपेक्खा, संस्कृतात उपेक्षा. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा ही चौकडी पतंजलीच्या योगसूत्रातही येते (१.३३). उप म्हणजे जवळ, ईक्ष् म्हणजे पाहणं. मराठीत मात्र उपेक्षा म्हणजे सरळ दुर्लक्ष. अर्थातली ही घसरण केवळ भाषेत होत नाही, साधनेतही होते. जुन्या पाली अट्ठकथा, म्हणजे बौद्ध ग्रंथांवरच्या टीका, या चारही गुणांचे दोन-दोन शत्रू सांगतात, एक दूरचा आणि एक जवळचा. उपेक्खेचे दूरचे शत्रू म्हणजे आसक्ती आणि द्वेष, ते चटकन ओळखू येतात. जवळचा शत्रू म्हणजे न कळण्यातून आलेली बेफिकिरी. ती समतेसारखीच दिसते, तेवढीच शांत, तेवढीच कमी बोलणारी. तुमच्या पत्नीला जी भिंत लागते ती हीच.

दोन्हींतला फरक तपासायला एक सोपी खूण आहे. पत्नीने तक्रारीच्या सुरात बोलायला सुरुवात केली की पहिल्या दोन-तीन सेकंदांत तुमचं लक्ष कुठे जातं ते पाहा. ते नाकपुडीखाली श्वासावर जाऊन बसत असेल, तर तुम्ही श्वासाआड लपताय. भांडण संपल्यावर स्वतःला विचारा, की त्या वेळी छातीत, घशात, पोटात काय होतं? समता असेल तर उत्तर असतं: "घसा आवळला होता, कानशिलं गरम होती, तरी मी ऐकत राहिलो." बेफिकिरी असेल तर उत्तर येतं: "काहीच नव्हतं." काहीच नसतं असं होत नाही. दातावर दात दाबलेले असतात, खांदे वर चढलेले असतात, फक्त ती बातमी वर पोचलेली नसते.

दुसरी खूण बोलण्यातली. दिवसभरात "चालायचंच", "जाऊ दे", "सोड ना" हे तीन शब्द किती वेळा तोंडून निघतात ते एक आठवडा मोजा. खिशात बसच्या तिकिटामागे रेघा ओढल्या तरी चालेल. यातलं प्रत्येक "चालायचंच" वाईट नसतं, लोकलमध्ये कुणी पायावर पाय दिला तर तेच म्हणावं. पण मुलगी कॉलेजातून रडवेली घरी आली आणि तुम्ही "चालायचंच" म्हणालात, तर ती समता नव्हे.

आता बैठकीकडे. तुमच्या परंपरेत दोन पद्धती एकत्र करू नका असं बजावतात, आणि ते बरोबरच आहे; म्हणून पुढे जे सांगतोय त्यात बैठकीसाठी नवीन काही नाही. आनापान (श्वास पाहणं), संवेदना आणि मंगल मैत्री (सगळ्यांचं भलं चिंतणं), तिन्ही तुम्हाला शिकवलेलंच. बदलायचंय ते कशाला किती वेळ द्यायचा ते.

बहुतेक जण ३५ मिनिटांतली पंचवीस श्वासावर काढतात, कारण तिथे छान वाटतं. मग उरलेल्या वेळात डोक्यापासून पायापर्यंत झाडू मारल्यासारखं लक्ष फिरवतात आणि घड्याळ वाजलं की उठतात. मैत्री राहूनच जाते. तुम्ही असं करून पाहा: ८ ते १० मिनिटं श्वास, १७ ते १८ मिनिटं अंगावरच्या संवेदना, ५ मिनिटं मैत्री, आणि शेवटची ३ मिनिटं डोळे उघडे ठेवून, काहीही न करता, तसंच बसून. ही शेवटची तीन मिनिटं वगळू नका. बंद डोळ्यांनी मिळालेली स्थिरता डोळे उघडल्याबरोबर सांडते. कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही, समोर वाळत घातलेले टॉवेल, हे सगळं दिसत-ऐकू येत असताना अंगातली जाणीव टिकवायची सवय इथेच लागते.

संवेदनांच्या भागात फिरण्याचा वेग कमी करा. तीन जागी मुद्दाम थांबायचं: घसा, छातीचा मधला भाग आणि बेंबीच्या वरची जागा. प्रत्येक ठिकाणी साधारण दहा श्वास. भावनेचा पहिला पत्ता बहुधा यातलाच एक असतो, आणि आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक आहे: घसा दाटून येतो, ऊर भरून येतो, पोटात गोळा येतो. तिथे काही कळलं नाही तर "इथे काही कळत नाही" एवढंच टिपा आणि पुढे जा. बधिरपणा हीसुद्धा संवेदनाच आहे. पालीतला 'वेदना' हा शब्द दुखण्यापुरता नाही. त्यात सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेलं, असं तिन्ही येतं. तिसऱ्या प्रकाराकडे साधकाचं सर्वांत कमी लक्ष असतं, आणि तुमचं बरंचसं तिथेच अडकलंय.

बसण्याबद्दल थोडंसं. सतरंजीवर बसत असाल तर ढुंगणाखाली चार बोटं उंचीची घट्ट उशी घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली जातात आणि पाठ ओढाताणीशिवाय सरळ राहते. मऊ उशी दहा मिनिटांत दबते आणि मग सगळं लक्ष कमरेकडे. गुडघ्यांची तक्रार असेल तर खुर्चीत बसा, पाठ न टेकता, तळपाय जमिनीला पूर्ण लागतील असे. पंखा थेट अंगावर नको, पण मुंबईच्या दमट हवेत पंखा बंद करून बसण्याचा हट्टही नको. वेळ पाण्याच्या आधीची धरा किंवा पाणी भरून झाल्यावरची. नळाकडे कान ठेवून ध्यान होत नाही.

बैठकीतून उठल्यावर दिवसाचं काम सुरू होतं, आणि तिथे मी श्वासापेक्षा शब्दांवर जास्त भर देईन.

मुंबईत सगळ्या भावनांसाठी मिळून एकच शब्द वापरला जातो: टेन्शन. साहेब ओरडले, टेन्शन. मुलीला यायला उशीर झाला, टेन्शन. भावाने वडिलांच्या खोलीचा विषय काढला, टेन्शन. एवढ्या मोठ्या पोत्यात घातल्यावर आत काय आहे ते हाताला लागणार कसं? टेन्शन म्हणावंसं वाटेल तेव्हा एक सेकंद थांबून खरा शब्द शोधा. साहेब ओरडले तेव्हा ती भीती होती की पाणउतारा झाल्याची लाज? मुलीच्या उशिरात धास्ती होती की आपल्याला विचारलं नाही याचा राग? भावाशी बोलताना हेवा होता, संशय होता, की लहानपणापासूनची एखादी सल? शिवाय हुरहुर, चुटपुट, खंत, घुसमट, कुढणं, रुसवा हे शब्द आहेतच. यातला एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही. चुटपुट म्हणजे काहीतरी करायचं राहून गेलं, खंत म्हणजे ते आता करता येणार नाही. वडिलांच्या बाबतीत हा फरक तुम्हाला उपयोगी पडेल.

नाव दिल्याने काय होतं? २००७ साली मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात केलेल्या मेंदूच्या तपासणीत दिसलं, की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी होते. त्याच चेहऱ्याला नुसतं बाईचं किंवा पुरुषाचं नाव जोडायला सांगितलं तेव्हा तेवढी कमी होत नव्हती. म्हणजे शब्द भावनेचाच हवा. हे काम बैठकीत करू नका, तिथे संवेदना पुरे. नाव द्यायचं ते चालता-बोलता.

त्यासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे परतीची लोकल. सीएसएमटीहून मुलुंड म्हणजे फास्टने पाऊण तासाच्या आसपास. सगळा वेळ नको. दादरनंतर, गर्दी अंगाशी बसली की फोन खिशात टाका आणि कुर्ला ते घाटकोपर एवढाच टप्पा धरा. डोळे उघडे. पहिली पाच-सहा श्वासांची फेरी फक्त बाहेर जाणारा श्वास लांबवण्यासाठी: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते, ही शरीराचीच व्यवस्था आहे. मग एकच प्रश्न: आज दिवसभरात कुठल्या क्षणी अंगात काहीतरी झालं? एक क्षण, एक जागा, एक शब्द. "साडेबारा वाजता फाइल परत आली, कानशिलं तापली, लाज." बस्स. कारणमीमांसा नाही, साहेबांचं चुकलं की आपलं हा निवाडा नाही. तीनपेक्षा जास्त क्षण गोळा केले तर ते चिंतन राहत नाही, तक्रारवही होते. लटकत उभे असाल तर हे करू नका, तेव्हा हात दांड्यावर आणि लक्ष दारावर.

घराच्या दाराशी चपला काढताना आणखी एक थांबा. दोन्ही तळपाय फरशीला लागेपर्यंत बेल दाबायची नाही. दहा सेकंदही लागत नाहीत, पण ऑफिसचा चेहरा घेऊन घरात शिरणं टळतं.

मग जेवणानंतर दहा मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, पत्नीसोबत. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. वन रूम किचन असेल तर गच्ची, जिना, कंपाउंडमधला बाक, काहीही. पहिले दोन आठवडे तुम्ही फक्त लोकलमधलं ते एक वाक्य सांगायचं. उदाहरणार्थ, "आज फाइल सगळ्यांसमोर परत केली, मला लाज वाटली." एवढंच. तिने उपाय सुचवला तर ऐकून घ्या, लगेच "नाही, तसं नाही" म्हणू नका. सुरुवात हलक्या गोष्टींपासून करा, दहापैकी तीन-चार गुणांच्या. वडील, पैसे, सासर-माहेर हे आठ-नऊ गुणांचे विषय पहिल्या महिन्यात नकोत.

इथे हमखास एक घोटाळा होतो. मराठीत 'वाटणं' हे क्रियापद विचारालाही लागतं आणि भावनेलाही. "मला वाटतं की तुला माझी किंमत नाही" यात भावना एकही नाही, हा आरोप आहे, आणि उत्तरही आरोपाचंच येईल. चाचणी सोपी: 'वाटतं'नंतर 'की' आला, तर ते मत आहे. "मला एकटं वाटलं", "मला भीती वाटली", इथे 'की' बसतच नाही. 'की' आला तर वाक्य तिथेच थांबवून पुन्हा सुरू करा. चारचौघांत विचित्र वाटेल, घरात चालतं.

दुसरा घोटाळा याच्या उलटा. मन मोकळं करायचं म्हणजे जे येईल ते बोलून टाकायचं, असं समजून लोक पंधरा वर्षांचा हिशोब एका रात्रीत काढतात. मोकळेपणात दार उघडं असतं, पण उंबरा असतोच. आवाज चढला, श्वास वर छातीत अडकला, किंवा एकच वाक्य तिसऱ्यांदा बोललात, की "उद्या बोलू, आत्ता मला नीट बोलता येणार नाही" असं सांगून उठायचं, आणि दुसऱ्या दिवशी खरोखर बोलायचं. नुसतं उठून गेलात तर ती पुन्हा भिंतच.

पत्नी बोलत असेल तेव्हा लक्षाची वाटणी करा. थोडं लक्ष आपल्या तळपायांवर किंवा मांडीवरच्या तळहातांवर, बाकी सगळं तिच्या चेहऱ्यावर आणि आवाजावर. नाकपुडीवर मुळीच नाही, कारण तिथे लक्ष नेलं की तुमची जुनी सवय आपोआप आत ओढून नेते. तळपाय कळत राहिले की माणूस वाहूनही जात नाही आणि गायबही होत नाही. तिचं बोलून झालं की आधी तिच्या भावनेला शब्द द्या ("कंटाळलीस ना याला?"), मग आपली बाजू, लागलीच तर. शब्द चुकला तर ती दुरुस्त करेल, आणि ती दुरुस्त करते तेव्हाच संवाद सुरू झालेला असतो.

बैठकीच्या शेवटच्या मैत्रीबद्दल. दादर-नायगावच्या एखाद्या बुद्धविहारात मंगल मैत्री ऐकली असेल तर लक्षात आलं असेल, की ती सगळ्या प्राणिमात्रांपर्यंत जाते. पण सुरुवातीलाच "सर्वांचं मंगल होवो" म्हणणं सोपं असतं, कारण सर्व म्हणजे कुणीच नाही. आधी एक चेहरा घ्या, ज्याच्याबद्दल आपोआप जिव्हाळा वाटतो असा. मुलगी असेल, एखादा जुना मित्र असेल. छातीत ऊब येते का पाहा, नाही आली तर ओढून आणू नका. मग पत्नी. सर्व प्राणिमात्र शेवटी. ज्याच्यावर राग आहे त्याला पहिल्या महिन्यात घेऊ नका, नाहीतर मैत्रीच्या नावाखाली पुन्हा दाबणंच होतं.

वडिलांविषयी. रडू न येणं हा दोष नाही आणि साधनेचं यशही नाही. घरातला कर्ता मुलगा असाल तर रुग्णालयाचं बिल, स्मशानाची पावती, मृत्यूचा दाखला, बँक, दहावा-तेरावा, आलेल्यांचं चहापाणी यात पहिला महिना जातो आणि शरीर रडणं पुढे ढकलतं. त्यावर तुम्ही रोज सकाळी श्वासाचं झाकण ठेवलंत. ते झाकण एकदम उचलायचं नाही. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, गजर लावून, वडिलांची एक वापरातली वस्तू हातात घेऊन बसा. हार घातलेला फोटो नको; तो भिंतीवर गेला की देव होतो, बाप राहत नाही. चष्मा, छत्री, रेल्वेच्या पासचं पाकीट, दाढीचा ब्रश, असं काहीतरी. डोळे उघडे ठेवून वस्तू नीट पाहा: चष्म्याची काडी कुठे सैल आहे, छत्रीची मूठ कुठे गुळगुळीत झाली आहे. मग डोळे मिटून घसा-छाती-पोट. रडू आलं तर येऊ द्या. रडताना श्वास पाहायला जाऊ नका, नुसतं रडा. नाही आलं तरी गजर वाजला की वस्तू जागेवर ठेवा, पाणी प्या, घरातल्या कुणाला तरी वडिलांची एखादी साधी गोष्ट सांगा. ते चहा बशीत ओतून प्यायचे का, एवढीसुद्धा चालेल. बहुधा रडू या दहा मिनिटांत येत नाही. ते तीन दिवसांनी, भाजी घेताना किंवा रेल्वेच्या पुलावर येतं. तेव्हा बाजूला उभं राहायचं आणि येऊ द्यायचं. मुंबईत पुलावर रडणाऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही, या शहराचा तेवढा उपकार आहे.

आता कुठे थांबायचं ते. बसल्यावर धडधड वाढून घाबरं होत असेल, आपण किंवा आजूबाजूचं खरं नाही असं तासन्‌तास वाटत असेल, झोप तीन-चार तासांवर येऊनही थकवाच जाणवत नसेल, किंवा एखादा जुना आघात चित्रासारखा पुन्हापुन्हा दिसत असेल, तर बैठक बंद. कमी नव्हे, बंद. डोळे उघडे, चालणं, वेळेवर गरम जेवण, माणसांत राहणं, आणि मनोविकारतज्ज्ञांची भेट. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, भूक-झोप बिघडली आहे, अशी स्थिती असेल तर तीही ध्यानाने सोडवायची गोष्ट नाही. जगू नये असे विचार येत असतील तर थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. मानसिक आजाराची औषधं सुरू असतील तर शिबिरासाठी ती स्वतःहून सोडायची नाहीत, आणि प्रवेश अर्जातला तो रकाना खरा भरायचा. तो रकाना साधकाच्या सुरक्षेसाठीच असतो.

सध्या आणखी एक दहा दिवसांचं शिबिर करावं का, असंही तुम्ही विचारलंय. माझं मत: सहा महिने नको. ही विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचं भारतातलं पहिलं शिबिर १९६९ साली मुंबईतच झालं, १९७६ साली इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं. तुम्ही थोडं थांबलात तर ते कुठे जात नाही. दहा दिवसांचं मौन तुम्हाला सोपं जाईल, तीच अडचण आहे. वाटलंच तर बोरिवलीहून गोराई खाडी ओलांडून तिथल्या विपश्यना पॅगोड्यात जुन्या साधकांच्या एक दिवसाच्या शिबिराला जा. मोठ्या घुमटाखाली इतरांसोबत बसण्याने बैठक घट्ट होते आणि संध्याकाळी तुम्ही घरी असता.

सहा आठवड्यांनी स्वतःला गुण देऊ नका. पत्नीला विचारा, आणि "मी बदललोय का?" असं नको, त्याला "हो, थोडा" असंच उत्तर मिळतं. विचारा, "गेल्या आठवड्यात मी तुला कुठल्या दिवशी सापडलो आणि कुठल्या दिवशी नाही?" ती वार सांगेल. सापडला नव्हतात त्या दिवशी दादरनंतर फोन खिशात गेला होता का, ते तपासा.